जिवाणू तांबं खात नाहीत

प्रश्न असा: धातुकातून जिवाणूंच्या मदतीने तांबं काढण्याला ‘जैवनिक्षालन’ म्हणावं की ‘जैवविद्रावण’?

निक्षालन. विरघळणं हा त्यातला एक टप्पा झाला; विरघळलेलं तांबं धातुकाच्या ढिगातून धुऊन खाली आणायचं असतं, म्हणून क्षालन. विषय संपला.

पण या शब्दाला चिकटून येणारं ‘जिवाणू तांबं खातात’ हे वाक्य आता पुरे! हे काम करणारा जिवाणू, ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, जगतो तो फेरस लोह आणि गंधकावर. फेरसचं तो फेरिक (लोहाचंच जास्त ऑक्सिडीभूत रूप) करतो, फेरिक धातुकातलं तांब्याचं सल्फाइड, म्हणजे तांबं-गंधकाचं संयुग, फोडतं आणि पुन्हा फेरस होतं. गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल. सामू (pH) साधारण 1.5 ते 2 ठेवायचा; तो चढला की फेरिक जॅरोसाइट या न विरघळणाऱ्या खनिजाच्या रूपात साचतं, ढिगाच्या फटी बुजतात आणि द्राव बगल देऊन निघून जातो. खालून हवा फुंकली नाही तर जिवाणू थंडावतात. तांब्याच्या खनिजांपैकी चॅल्कोसाइट काही महिन्यांत तांबं सोडतं, चॅल्कोपायराइटवर मात्र पापुद्रा धरतो आणि काम अडतं.

आता खरी गंमत. ढिगातून निथळतं ते काय? आम्लात विरघळलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि लोहाचे सल्फेट! ‘मोरचूद’मधलं ‘चूद’ म्हणजे ‘चूर्ण’, असं ठोकून देणारे जाणकार आहेत. चूर्णाचा मराठीत ‘चुना’ झाला, ‘चूर’ झाला. ‘चूद’ झाल्याचं दुसरं एक उदाहरण त्यांनी दाखवावं. माझ्या मते हे संस्कृत ‘तुत्थ’, म्हणजे मोरचूदच. त्याचंच हिंदीत ‘तूतिया’ आणि ‘नीलाथोथा’तलं ‘थोथा’. सुरुवातीच्या ‘त’चा ‘च’ कसा झाला ही माझ्या मांडणीतली अडचण खरी, पण अर्थ तरी जागेवर राहतो. शिवाय मोर काही आपण मराठीत आणून बसवलेला नाही: अमरकोशात तुत्थाची नावं ‘शिखिग्रीव’ आणि ‘मयूरक’ अशी आहेत. शिखिग्रीव, म्हणजे मोराची मान! मोरचुदाचा खडा पाहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको.

या द्रावात भंगार लोखंड टाकलं की तांबं त्यावर बसतं आणि लोखंड द्रावात उतरतं: 1 किलो तांब्यामागे हिशेबाने 0.88 किलो, प्रत्यक्षात बरंच जास्त, कारण उरलेलं फेरिक आणि आम्लही लोखंडावर तुटून पडतात. मागे राहतो तो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यातल्या ‘कस’चा सोन्याच्या कसाशी संबंध जोडू नका, तो हिराकसाच्या संस्कृत नावाचा, ‘कासीस’चा, उरलेला तुकडा आहे.