ओव्या टिपायच्या छोट्या रेकॉर्डरला घरच्या घरी गार्ड कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की झूम एच-१-एन हा खिशात मावणारा रेकॉर्डर घेऊन गावोगाव आजी-मावश्यांच्या ओव्या टिपता, पिशवीत माईकवर दाब येतो, चकती फिरून आवाजाची पातळी बदलते आणि विकतचं कव्हर परवडत नाही. मी परभणी-बीडकडं हेच काम करतो. माझा रेकॉर्डरभोवतीचा तारांचा पिंजरा तिसऱ्या खेपेला जमला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंबाजोगाईजवळच्या एका गावात एक आजी महिनाभराच्या मिनतवाऱ्यांनंतर जात्यावर बसायला तयार झाल्या. "आता कोन दळतंय बाबा, गळा बी राहिला न्हाई," असं म्हणत त्यांनी सूर धरला आणि दारात सुना हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. रेकॉर्डर मी पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता. नातवानं खेळता खेळता पेटीवरचं फडकं ओढलं आणि रेकॉर्डर माईकच्या बाजूनं शहाबादी फरशीवर आदळला. डावा माईक तिथंच गेला. पुढच्या सगळ्या ओव्या एकाच बाजूनं, खरखरीसकट आल्या. पोळ्यानंतर आजी वारल्या. त्या ओव्या मला आता कुठंच मिळणार नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्यांत आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांचे १९९६ सालचे आवाज आहेत. ते आज ऐकले की टेप नीट जपली म्हणजे काय राहतं ते कळतं.

पहिली चूक मी केली ती पीव्हीसी पाइपाची. जाड पाइपाचा तुकडा कापून रेकॉर्डर आत बसवला. मजबूत होता, पण आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. एका टोकाला बंद असलेल्या १० सेंमीच्या पोकळीत साधारण ८५० हर्ट्‌झचा सूर घुमतो, आणि माणसाच्या बोलण्या-गाण्याचा बराच भाग त्याच पट्ट्यात असतो. म्हणून माईकभोवती नळी, डबा, बाटली असलं काही नको. कंदिलाच्या काचेभोवती तारा असतात ना, तसं करा. १० हजार हर्ट्‌झच्या बारीक आवाजाची लाटसुद्धा साडेतीन सेंमी लांब असते. अडीच-तीन मिलिमीटरची तार तिला अडवत नाही.

सायकलच्या तारा वापरायचं माझ्या मनात होतं, पण त्या जेमतेम फूटभर भरतात. हार्डवेअरच्या दुकानातून १२ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घ्या, अर्ध्या मीटरचे दोन तुकडे. सुताराकडून आठ बाय आठ सेंमीचा, दोन सेंमी जाडीचा लाकडी ठोकळा घ्या आणि चार कोपऱ्यांत तारेच्या मापाची भोकं पाडून घ्या. दोन्ही तारा बाटलीवर वाकवून उलट्या यूसारख्या कमानी करा आणि कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात अशा एकमेकींवर बसवा की वर फुली होईल. फुली माईकपासून किमान दोन बोटं वर हवी. टोकं भोकांत एम-सीलनं पक्की करा. समोरच्या दोन तारांमध्ये सात-एक सेंमी जागा राहते. रेकॉर्डर पाच सेंमी रुंद आहे, त्यामुळं बटणापर्यंत बोट आरामात जातं, पण पिशवीतली पाण्याची बाटली चकतीवर टेकत नाही.

आता रेकॉर्डर आत धरायचा कसा? ठोकळ्याच्या मागच्या कडेला ॲल्युमिनियमची तीन मिलिमीटर जाडीची पट्टी उभी मारा. खिडक्या करणाऱ्यांकडं कापलेले तुकडे पडलेले असतात. रेकॉर्डरच्या पाठीवर ट्रायपॉडचा आटा आहे, त्याच्यासमोर पट्टीला भोक पाडून बोल्टनं आवळा. इथं घाई करू नका. बोल्ट दोन सुती, म्हणजे पाव इंची मागा. दुकानदार हाताला लागेल तो सहा एमएमचा देतो. तो आधी बसल्यासारखा वाटतो, पण ढिला राहतो आणि आटा खातो. रेकॉर्डरमध्ये चार-पाच मिलिमीटरच जाऊ द्या, जास्त उरला तर वायसर वाढवा. पट्टीचं भोक बोल्टपेक्षा मोठं ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घाला. रबर मध्ये नसेल तर ठोकळ्याला लागलेलं बोट थेट माईकमध्ये वाजतं. पट्टी मापून कापा, बॅटरीचं झाकण आणि कार्डाची खाच मोकळी राहिली पाहिजे.

दुसऱ्या खेपेला मी तारांवर ठिबक सिंचनाची बारीक नळी, मायक्रोट्यूब, चढवली होती. दिसायला देखणी, पण आत तार सैल असल्यामुळं हललं की टकटक. शेवटी जुन्या ट्यूबची बारीक पट्टी ताणून तारांवर गुंडाळली आणि फुलीवर फेविकॉलमध्ये भिजवलेला दोरा आवळून बांधला. तारेवर नख मारून बघा. "टण्ण" वाजली तर अजून गुंडाळा, नुसतं "टप" आलं पाहिजे.

उन्हाळ्यात आपल्याकडं फुफाटा आणि वारं दोन्ही असतं. खेळण्यांच्या दुकानात लांब केसांचं कापड मिळतं, त्याची टोपी शिवून पिंजऱ्यावर चढवा. पिंजऱ्यामुळं कापड माईकपासून लांब राहतं, मध्ये हवा थांबते आणि वाऱ्याची भुरभुर पुष्कळ कमी होते. कापड घेताना पाठीमागून फुंकून बघा. फुंकर आरपार गेली नाही तर ते घेऊ नका, आवाज बोथट होईल.

जात्यापाशी ठेवताना ठोकळ्याखाली गोधडीची चौपदरी घडी ठेवा, नाहीतर जमिनीतून दळणाचा हादरा चढतो. रेकॉर्डरमधला लो कट, म्हणजे खालचे जड आवाज कापायची सोय, मी जात्याच्या वेळी लावत नाही. ती घरघर ओवीचा ताल आहे, ती कापली की ओवी उघडी पडते.

पिंजरा झाल्यावर घरातल्या कुणाला एका जागी बसवून एकच ओवी दोनदा म्हणायला सांगा, एकदा पिंजऱ्याशिवाय आणि एकदा पिंजऱ्यात, आणि दोन्ही हेडफोनवर ऐका. फरक ऐकू आला तर बहुतेक वेळा फुली माईकच्या फार जवळ आलेली असते किंवा कुठंतरी रबर सुटलेलं असतं.