लेकराला खाण्याच्या ॲलर्जीचा संशय असेल तर आधी कोणाकडे जायचं
ताई, नागपुरात धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या वाचत फिरू नका, आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि काय खाल्लं, किती वेळात अंगावर पित्त उठलं ते लिहून न्या, मोबाईलमध्ये फोटोपण काढून ठेवा कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी लेकराचं अंग हमखास साफ असते ना बाप्पा. मग त्यांची चिठ्ठी घेऊन लहान मुलांची ॲलर्जी पाहणाऱ्याकडे. फोनवरच विचारा, स्किन प्रिक टेस्ट (कातडीवर थेंब टाकून हलकं टोचून पाहतात ती) तिथेच होते का आणि सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीचं नेहमीचं औषध, किती दिवस आधी बंद ठेवायचं (साधारण आठवडाभर सांगतात), नाहीतर ॲलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. शंभर पदार्थांचं आयजीजी पॅनल, म्हणजे रक्ताची एक तपासणी, कोणी गळ्यात मारलं तर सरळ नाही म्हणा, त्यानं ॲलर्जी कळत नाही, उगाच दूध-अंडी बंद होतात. ओठ-जीभ सुजली, दम लागला तर अपॉइंटमेंट गेली उडत, थेट कॅज्युअल्टी.