सीएचरूटमधल्या (एकाच फोल्डरात कोंडून ठेवलेल्या) यूजरला एसएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे, फाइल टाकताना 'परमिशन डिनाइड' येतंय. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, आत जायची मोकळीक) दिलं तर चालेल का?

नाही. सीएचरूटच्या डिरेक्टरीलाच ७७७ दिलंत तर फाइल टाकणं राहिलं बाजूला, लॉगिनही होणार नाही. ती डिरेक्टरी आणि तिच्या वरच्या सगळ्या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूजरच्या, मालकीच्या हव्यात, ग्रुपला आणि इतरांना तिथे लिहिता येता कामा नये. ओपनएसएसएच (एसएफटीपी चालवणारा प्रोग्राम) हे आधी तपासतं आणि पटलं नाही तर सरळ कनेक्शन तोडतं.

अंबडच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचो. व्हेंडर लोक एसएफटीपीने ड्रॉइंग पाठवायचे. नवीन मशीनवर सगळं हलवल्यावर एकाची फाइल चढेना. साहेब म्हणाले, "७७७ मार, पार्टी खोळंबलीये." मी नकार दिला. मग त्यांनीच वरच्या फोल्डरवर 'सीएचमॉड -आर ७७७' (आतल्या सगळ्याची परमिशन बदलणारी कमांड) चालवलं आणि ज्यांचं सुरळीत चालू होतं ते व्हेंडरही बाहेर फेकले गेले. लॉगमध्ये स्वच्छ ओळ होती: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएचरूट डिरेक्टरी', म्हणजे त्या डिरेक्टरीची मालकी किंवा मोड (परमिशन) चुकलेत. ती वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

आधी मी सगळे मोड पूर्ववत केले, मग मालकांचे नंबर दाखवणारं 'एलएस -एलएन' मारलं. अपलोड फोल्डरचा मालक १००१, आणि नव्या मशीनवर त्या यूजरचा नंबर १००३. नाव तेच, नंबर वेगळा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाव बघतच नाही, नंबर बघतो. सीएचरूट १९७९ च्या युनिक्सपासून आहे, पण ते फक्त रूट डिरेक्टरी (जिथून सगळे पाथ सुरू होतात ती) बदलतं, यूजरचे नंबर नाही. 'सीएचओन' (मालक बदलणारी कमांड) करून १००३ दिला, फाइल चढली.

साहेब अजूनही म्हणतात, "शेवटी परमिशनचाच घोळ होता ना!" मालकीचा होता, साहेब. मालकी चुकलेली असताना सगळ्यांना दार उघडून देणं हा इलाज नव्हे, आणि माझ्या हाताखालच्या ट्रेनी मुलांना मी ७७७ टाइप करू देत नाही.

तुम्ही वरचं फोल्डर रूटचं, ७५५ (लिहिणं फक्त मालकाला) ठेवा. आत यूजरच्या मालकीचं 'अपलोड' करा. तरी अडलं तर 'नेमआय -एल' ला पूर्ण पाथ द्या, ते प्रत्येक पायरीची परमिशन दाखवतं; मधल्या एखाद्या डिरेक्टरीचा एक्स (आत जायची परवानगी) गेलेला असतो.

हे सगळं एसएफटीपीपुरतं. साध्या सीएचरूटमध्ये ७७७ ला कुणी अडवणार नाही, पण मग कुणीही कुणाचीही फाइल उडवू शकतो. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर (बाहेर रूटचे अधिकार नसलेली बंदिस्त सिस्टिम) असेल तर आतला ० (रूटचा नंबर) बाहेर १००००० सारखा दिसतो, तेव्हा बाहेरून सीएचओन करताना तो सरकलेला नंबर द्या. एसईलिनक्स (लिनक्सचा वेगळा सुरक्षा पहारा) चालू असेल तर त्याचे लेबलही बघा.