8 लाखांची एफडी मोडून यूडब्ल्यूबीवाल्या कंपनीत टाकू का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. भाच्याच्या मित्राची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी) या बिनतारी रेडिओ तंत्राचा डबा बनवतेय, दिंडोरीच्या द्राक्षबागेत एक किलोमीटरवर 1 गीगाबिट इंटरनेट, लायसन नको, आणि तुम्ही 8 लाख टाकले की महिन्याला 2 टक्के घरपोच. सरळ सांगतो, एफडी मोडू नका.

टेक्नॉलॉजी खोटी नाहीये हां. आयफोन 11 पासून, म्हणजे 2019 पासून, ती फोनमध्ये आहे, एअरटॅग जवळून अचूक शोधायचं कामही त्यावरच चालतं, सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून दहा-वीस सेंटीमीटरपर्यंत अंतर कळतं. पण ती जवळच्या कामाची आहे. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, 2002 मध्ये 3.1 ते 10.6 गीगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा विनालायसन मोकळा केला तो या अटीवर, की पॉवर दर मेगाहर्ट्झला उणे 41.3 डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) वर जायची नाही. अख्खा पट्टा वापरला तरी सगळी मिळून अर्ध्या मिलिवॉटच्या आसपास होते, घरातला वायफाय राउटर सहज शंभर मिलिवॉट फेकतो. म्हणजे लायसन नको ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ते लांब पोचत नाही, आणि हे लोक दोन्ही फायदे एकाच ब्रोशरमध्ये छापतायत! मागे वायरलेस यूएसबी याच तंत्रावर आलं होतं, 3 मीटरवर 480 मेगाबिट आणि 10 मीटरवर 110, मोठमोठ्या कंपन्या मागे होत्या तरी ते बाजारात टिकलं नाही.

डेमो दाखवतो म्हणाले तर हॉटेलच्या हॉलमध्ये नको, बागेतच लावा म्हणावं, पानं भरलेली असताना, आणि डब्यात साधा 5 गीगाहर्ट्झचा वायफाय तर नाही ना हे जाणकार माणसाकडून बघून घ्या, कारण एक किलोमीटरचं काम बाजारातल्या आउटडोअर डिश काही हजारांत करतात, मग यांचा डबा घेणार कोण?

आता ते 2 टक्के. मला खरं खटकलं ते इथं. शेअर घेतले तर परतावा ठरलेला नसतो, आणि ठरलेला असेल तर ते डिपॉझिट झालं, आणि प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या लोकांकडून डिपॉझिट घ्यायला कायद्याने मनाई आहे. शेअरच देतो म्हणाले तर पीएएस-4 हे ऑफर लेटर तुमच्या नावाने मागा, पैसे फक्त बँकेतून, रोख एक रुपया नाही. हे सगळं नीट मिळालं तरी पन्नास हजारांच्या वर जाऊ नका, तेही बुडाले तरी चालतील असं धरूनच.

भाचा रुसेल असं वाटत असेल तर माझं नाव सांगा, सर नाही म्हणाले म्हणून.