वाचकांचे प्रश्न : मोआबचा खडक आणि कंबरेचा मणका

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला जातोय. त्याच युटा राज्यातल्या मोआब गावी गाइडसोबत खडकावर गाडी चालवायची सहल तो ठरवतोय. माझं वय 62, मिसेसच्या मणक्यात गॅप आहे. जावं का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुम्ही जरूर जा. वहिनींना मात्र ‘हेल्स रिव्हेंज’ या मार्गावर नेऊ नका. अंतर जेमतेम 10 किलोमीटर, पण खडकाच्या पायऱ्यांवरून चाक उतरतं तेव्हा दणका थेट कंबरेत बसतो. त्यांच्यासाठी कच्च्या रस्त्याची सहल घ्या आणि पुढची सीट मागा. मागच्या चाकाच्याही मागे बसलं, तर एसटीच्या शेवटच्या बाकासारखी गत होते.

बुकिंगआधी विचारा, गाडी कोण चालवणार? काही सहलींत मोठी उघडी फोर-बाय-फोर गाइडच चालवतो. काहींत यूटीव्ही, म्हणजे खडकाळ वाटांसाठीची छोटी उघडी चारचाकी, तुमच्या ताब्यात देतात, गाइड पुढे असतो. मुलगा यूटीव्ही चालवणार असेल, तर चढाला आणि उताराला गिअर ‘लो’मध्येच हवा. हिची ताकद रबरी बेल्टमधून चाकांकडे जाते. ‘हाय’मध्ये सावकाश चढ चढवला की बेल्ट घसरतो, तापतो, जळका वास येतो आणि शेवटी तुटतो. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, कडेवर ठेवा. चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मुरगळतो. चढावर मधेच गाडी थांबली तर आडवी वळवू नका, उलटते. सरळ रेषेत मागे घ्या. गाडी कलली तरी हात बाहेर टाकायचा नाही, सगळ्यात वाईट दुखापती त्यातूनच होतात.

घसरण्याची भीती नको. तापीच्या पात्रातला काळा खडक पाण्याने गुळगुळीत होतो. हा वाळूचा दगड टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरखरीत आहे. नाल मारलेले घोडे त्यावर घसरत म्हणून नाव पडलं ‘स्लिकरॉक’. रबर मात्र त्याला घट्ट धरतं. जीपच्या टायरची हवा 30-35 पीएसआयवरून 18-20 वर आणतात, म्हणजे टायर पसरून खडकाला बिलगतो. त्याहून फार कमी केली तर वळताना टायर रिममधून निसटतो. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरायची.

प्रश्न : जळगावच्या 45 अंशांची सवय आहे. जुलैत गेलो तर चालेल?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : टाळा. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे पाणी किती कमी झालं ते कळत नाही. माणशी दिवसाला 4 लिटर पाणी धरा, सोबत मीठ-साखर. शिवाय जुलै ते सप्टेंबर गडगडाटी पाऊस येतो. दूर कुठे पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या नाल्यातून अचानक येतो. एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलैतच जावं लागलं तर पहाटेची सहल घ्या.

आणि फोटोसाठी उतरलात तर खडकावरच उभे राहा. शेजारच्या मातीवरचा काळपट, फुगीर पापुद्रा जिवंत असतो, तोच माती धरून ठेवतो. एका पावलाने मोडलेला पापुद्रा भरून यायला कित्येक वर्षं जातात.