डोनाल्ड डक हिटलरला सॅल्यूट का ठोकतोय?

प्रश्न : ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं मोबाईलवर डोनाल्ड डकचं एक जुनं कार्टून शोधून काढलं, त्यात डोनाल्ड चक्क नाझींचा युनिफॉर्म घालून हिटलरच्या फोटोला सॅल्यूट ठोकतोय. मला वाटलं कोणीतरी खोडसाळपणा करून एडिट केलंय. हे खरंच डिस्नेचं आहे का? आणि मुलाला बघू द्यावं का?

उत्तर : हो, डिस्नेचंच आहे. नाव 'डेर फ्यूरर्स फेस', १९४३ च्या जानेवारीत आलं आणि त्याला ऑस्करही मिळालं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपाननं हल्ला केला आणि लगेच अमेरिकन लष्कर डिस्नेच्या स्टुडिओत येऊन राहिलं, युरोपातलं मार्केट तर आधीच बंद पडलं होतं, मग सैनिकांच्या ट्रेनिंगच्या फिल्म काय, 'इन्कम टॅक्स वेळेवर भरा' सांगणारा डोनाल्ड काय, सगळं सरकारसाठी सुरू झालं.

आता त्या कारखान्याच्या सीनकडे नीट बघा. पट्ट्यावरून तोफगोळे येतायत, डोनाल्डनं ते पान्यानं आवळायचे, आणि मधेच फ्रेम केलेला हिटलरचा फोटो येतो, की पाना सोडून सॅल्यूट. गोळा, गोळा, फोटो, गोळा, फोटो, आणि स्पीड वाढतच जातो, शेवटी त्या बिचाऱ्याला हात कशासाठी उचलला तेच कळेनासं होतं. सकाळचा ब्रेड करवतीनं कापावा लागतो, आणि कॉफीचा एकच दाणा, तोही लपवून ठेवलेला, पाण्यात बुडवून परत जपून ठेवायचा. हुकूमशाहीत साध्या माणसाचं काय होतं हे मला दहा भाषणांत कळलं नसतं ते या दोन-तीन मिनिटांत कळलं. शेवटी ते स्वप्न निघतं, पण जाग आल्यावर भिंतीवर उंचावलेल्या हाताची सावली दिसते आणि डोनाल्डचा हात सवयीनं वर जायला लागतो, मग कळतं की ती खिडकीतल्या स्वातंत्र्यदेवीच्या छोट्या पुतळ्याची सावली आहे. त्या अर्धवट उचललेल्या हातासाठी मी हे कार्टून कितीही वेळा बघेन.

त्याच महिन्यात डिस्नेचं 'एज्युकेशन फॉर डेथ' आलं. त्यात हसायला फार कमी आहे. हान्स नावाचा जर्मन मुलगा, वर्गात मास्तर गोष्ट सांगतात, कोल्ह्यानं सशाला खाल्लं, आणि हान्सला सशाची दया येते म्हणून त्याला कोपऱ्यात उभं करतात. बाकीची मुलं 'ससा दुबळा, भित्रा' असं ओरडतात, मग हान्सही तेच ओरडायला लागतो. इथे शत्रूचं पोर आपल्या पोरासारखं दाखवलंय, आणि तेही युद्ध चालू असताना, मला याचं फार मोल वाटतं.

पण सगळं असं नाही. १९४४ चं बग्ज बनीचं एक कार्टून आहे, त्यात तो जपानी सैनिकांना आइस्क्रीममध्ये बॉम्ब घालून विकतो आणि तोंडावर शिव्या देतो. सगळे जपानी एका साच्यातले, मोठे दात, जाड चष्मे. जर्मनांची टर उडवताना बहुतेक वेळा हिटलर आणि त्याचे साथीदार गोअरिंग, गोबेल्स यांचीच उडवायचे, जपान्यांच्या वेळी अख्खी जमातच. आणि तेव्हा अमेरिकेतच सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक छावण्यांत डांबलेले होते, त्यातले बरेचसे अमेरिकेचेच नागरिक. ते बघून मला हसू येत नाही, राग येतो.

मुलाला डोनाल्डचं जरूर दाखवा, पण शेजारी बसून, हिटलर कोण होता ते आधी सांगून. हान्सचं दोन-चार वर्षांनी दाखवा. बग्ज बनीचं ते मात्र मोठा होईपर्यंत नकोच.

प्रश्न : मग जपाननं कार्टूनमधून असं काहीच केलं नाही का?

उत्तर : केलं की! त्यांच्या लोककथेतला मोमोतारो, पीचमधून जन्मलेला मुलगा, राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो, नौदलानं त्यालाच सेनापती केलं. १९४३ च्या फिल्ममध्ये माकडं, कुत्रे विमानातून येऊन राक्षसांचं बेट म्हणजे पर्ल हार्बर उद्ध्वस्त करतात, आणि तिथला घाबरलेला जाड्या खलाशी हुबेहूब 'पॉपाय' या अमेरिकन कार्टूनमधला ब्लूटो. १९४५ च्या एप्रिलमध्ये दुसरी आली, तब्बल ७४ मिनिटांची, जपानची पहिली पूर्ण लांबीची अ‍ॅनिमेशन फिल्म. ती आहे प्रपोगंडाच, दक्षिणेकडच्या बेटांवरच्या प्राण्यांना जपानी अक्षरं शिकवून 'सुधारतात', गाणं इतकं गोड आहे की आपण काय बघतोय ते क्षणभर विसरायलाच होतं. पण त्याच फिल्ममध्ये पिसासारखी तरंगत उतरणारी डँडेलियनची बीजंही आहेत, आणि पुढे पॅराशूटनं उतरणारे सैनिक तसेच दिसतात. ओसाकातल्या थिएटरात सोळा वर्षांच्या ओसामू तेझुकानं ती बघितली, आणि आपणही कधीतरी अ‍ॅनिमेशन करायचं हे त्याच्या मनानं तिथेच घेतलं. पुढे त्यानं 'अ‍ॅस्ट्रो बॉय' काढला. फिल्मची प्रिंट मात्र युद्धानंतर नष्ट झाली असंच सगळे धरून चालले होते, १९८० च्या दशकात निगेटिव्ह सापडली तेव्हा कुठे ती परत बघायला मिळाली.