जंगलातल्या कच्च्या वाटेवर नदी लागते, तिथे गाडी पाण्यात कशी घालावी?
आधी काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरा (मगरी असतील तर अर्थातच नाही). तळ वाळूचा की गोट्यांचा, ते पायालाच कळतं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढ पाय हलवत असेल, तर सरळ मागे फिरा.

उतरायचंच तर फोर व्हील लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारी सोय), दुसरा गिअर, काचा खाली. बॉनेटपुढे लाट उठते, तिच्या मागोमाग एका संथ वेगात जायचं. मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिन बंद पडून आत पाणी शिरल्याची शंका आली, तर स्टार्टर अजिबात मारू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनातल्या पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पलीकडे ब्रेक हलके दाबत सुकवा. मी एकदा विसरलो, पुढच्याच उतारावर घाम फुटला.